कंबर चौतीस

त्या रविवारी लुबना सकाळच्या एसटीनं पाचोडला उतरली तेव्हा बाजार नुकता भरत होता. शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरीला होती आणि सुट्टीच्या दिवशी गावी यायची. स्टँडवरून घराकडं न जाता ती आधी दुकानात गेली. अब्बा दुकानातच असणार, हे विचारायची गरज नव्हती. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते.

मोहियोद्दीन टेलरचं दुकान म्हणजे दहा बाय आठची एक खोली. पुढं मशीन, मागं कापायचं फळकूट आणि कोपऱ्यात दोरीवर टाकलेला पडदा. त्या दिवशी फळकुटावर, खुर्चीवर आणि जमिनीवरही निळ्या पँटींचे ढीग होते. यंदा शाळेचे गणवेश तयार आले होते. माप दोनच, लहान आणि मोठं. लहान कुणाला चढत नव्हतं आणि मोठ्यात दोन पोरं मावत होती. त्यामुळं ज्या बाया दरवर्षी गणवेश शिवायला कापड आणायच्या, त्या यंदा तयार पँटी आत घ्यायला आणत होत्या. शिवायच्या कामापेक्षा उसवायचं काम जास्त किचकट. आधी कारखान्याची शिवण सोडवा, मग नवी मारा, आणि पोरगं वर्षात वाढणार म्हणून आत कापड शिल्लक ठेवा. मोहियोद्दीन रोज बारा तास तेच करत होते.

"आलीस? पानी पी," ते मशीनवरून न उठता म्हणाले.

घरात ते दखनी बोलत, दुकानात मराठी. लुबना लहानपणापासून दुकानाच्या पायरीवर बसून वाचत मोठी झाली होती, त्यामुळं बापलेकीचं बोलणंही दुकानातल्या भाषेतच व्हायचं.

उकाडा लई होता. पंखा फिरत होता, पण गरम हवाच इकडून तिकडं ढकलत होता. लुबनानं माठातलं पाणी पिता पिता त्यांच्या पाठीकडं पाहिलं. शर्टाच्या आत पाठीचे मणके दिसत होते. तिनं तांब्या ठेवला आणि पिशवीतून बटनांचं एक कार्ड काढून फळकुटावर ठेवलं.

"आणलीत," ती म्हणाली.

ही बटनं ती शहरातल्या औरंगपुऱ्यातून आणायची. सुई-दोऱ्याशिवाय लागणारं बटन. मागून एक बारीक खिळी कापडात घुसवायची, पुढून धातूची टोपी फिरवून घट्ट करायची. नको झालं की उलटं फिरवायचं, निघालं. हवं तिथं लावा, हवं तेव्हा सरकवा. पहिल्यांदा तिनं दाखवलं तेव्हा अब्बांनी ते सोनाराच्या डोळ्यानं पाहिलं होतं, दहा वेळा फिरवून. "हे निघालं म्हंजी आमची सुट्टी," असं म्हणून हसले होते. नंतर त्यांनीच ते वापरायला काढलं. वाढत्या पोरांच्या पँटींना ते हीच बटनं लावून देत. पोराच्या आईला सांगत, दर तीन महिन्याला एक बोट बाहेर सरकव, माझ्याकडं यायची गरज नाय.

आपल्या पँटीचं बटन मात्र ते आत सरकवत होते.

जानेवारीत पहिल्यांदा. लुबनाला पडद्याआड बोलावून त्यांनी पँटीचा पट्टा दाखवला होता. पोटापुढं चार बोटं रिकामी. शिवण का मारत नाही, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी शर्ट खाली ओढला. मग म्हणाले, "शिवण मारली की तुझ्या अम्मीच्या बोटाला लागंल."

अम्मींना, म्हणजे रईसाबींना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस आलं-गेलं सावलीवरून कळायचं, बाकी सगळं त्यांच्या बोटांना कळायचं. तांदळातला खडा, कपड्यावरचा डाग, भाकरीची जाडी. नवऱ्याच्या दोन पँटी त्या स्वतः धुवायच्या. जुलैत त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, तीही तिसऱ्या खेपेला. एकदा पाऊस, एकदा साखर वाढलेली, अशा दोन तारखा गेल्या होत्या. मोहियोद्दीनना काही झालंय असं कळलं असतं तर ही तिसरीही त्यांनी सोडली असती.

"आधी तिचे डोळे. मग माझं पोट," अब्बा म्हणाले होते. "तवर तू कुठं बोलू नको."

तेव्हापासून असं चाललं होतं. दिवसभर बटन आतल्या जागी. पँट धुवायला टाकायच्या आधी ते काढून मूळ जागी लावायचं. घरात लुंगी. चेहरा उतरला असं शेजारणी म्हणाल्या, तर रोजे आणि ऊन पुढं करायचं. लुबनानं ग्रंथालयात एका दुपारी वैद्यकशास्त्राचं जाड पुस्तक काढलं होतं. वजन कारण नसताना उतरणं, या मथळ्याखालची दीड पानं तिनं वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग पुस्तक जागेवर ठेवलं आणि पुढच्या रविवारी बटनांचं नवं कार्ड घेऊन गावी आली.

दुपारी कडूबा आला. थेरगावच्या रस्त्याला त्याची मोसंबीची बाग होती, आणि बाजाराला आला की तास-दीड तास दुकानाच्या बाकावर बसायचा त्याचा तीस वर्षांचा नेम होता. अंगानं भरलेला, तोंडानं फाटका.

"मास्तर, पोरान्ला आत घेता घेता तुम्हीच आत चालले की," तो म्हणाला. "तुमच्या पँटीत आजून एक मोहियोद्दीन बसंल."

"मग तू ये आत. भाडं घेईन."

"मी आल्यावर तुम्हाला बाहेर निघावं लागंल."

दोघं हसले. लुबना बटनं कार्डावरून सोडवत होती, ती हसली नाही. कडूबानं तिच्याकडं पाहिलं, मग मोसंबीच्या गळीचं काढलं. यंदा हिरवी फळं झाडाखाली पडतायत, कुणी म्हणतं पाणी कमी, कुणी म्हणतं जास्त, असं बरंच बोलून तो उठला. जाताना दोन मोसंब्या मशीनवर ठेवून गेला.

तो गेल्यावर मोहियोद्दीननी फळकुटाखालून एक कागदात गुंडाळलेलं कापड काढलं. पुतण्या बासितचं लग्न पावसाळ्यात होतं आणि त्यानं चुलत्यासाठी पँटपीस दिला होता. करडा, चांगल्या वजनाचा. रईसाबी रोज विचारत होत्या, शिवली का. गावभराचं शिवता, स्वतःचं कधी शिवणार.

"माप घे माझं," ते म्हणाले.

शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. वाकलं की टेप सरकतो. त्यांचं माप नेहमी लुबनाच घ्यायची. घेणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, लिहिणाऱ्यानं लिहायचं, आणि सांगितलं तेच कापायचं, ही त्या दुकानाची रीत होती. डोळ्यांना वेगळं दिसलं तरी कात्री वहीचं ऐकते, असं अब्बा सांगत. लिहिणाऱ्यानं मधे आपली अक्कल चालवली की कापड वाया गेलंच म्हणून समज.

मापाच्या वहीत त्यांचं एक पान होतं. वर 'खुद' लिहिलेलं. सहा वर्षांपूर्वीचे आकडे, कंबर चौतीस.

ते पडद्याआड उभे राहिले, एका हातात वही, दुसऱ्यात पेन्सिल. लुबनानं त्यांचा शर्ट वर केला. बटन पाचव्या जागी होतं तरी पट्टा सैल होता, आणि मागं कापडाची जाड घडी पडली होती. पोट आत गेलेलं, उजवीकडं बरगडीखाली मात्र काहीतरी टणक उंचावलं होतं. तिनं तिथं हात लागू दिला नाही.

"लांबी चाळीस," ती म्हणाली. त्यांनी लिहिलं.

"बॉटम सोळा." लिहिलं.

तिनं टेप कमरेभोवती घेतला आणि दोन्ही टोकं पुढं आणून धरली. एकोणतीस. टेप थोडा ढिला सोडला, परत धरला. एकोणतीसच. अब्बा समोरच्या भिंतीकडं पाहत होते. भिंतीवर काहीच नव्हतं. पेन्सिल कागदाला टेकलेली होती.

"कंबर चौतीस," लुबना म्हणाली.

पेन्सिल थोडा वेळ हलली नाही. मग त्यांनी चौतीस लिहिलं, खाली तारीख टाकली आणि वही मिटली.

त्यानंतर त्यांनी ते कापड फळकुटावर पसरलं, खडूनं रेघा मारल्या आणि कापलं. कात्री चालवताना मधे दोनदा थांबून त्यांनी श्वास घेतला. चौतीसच कापलं. तुकडे जुळवून त्यांना सुतळी बांधली आणि म्हणाले, "गणवेशाचं उरकलं की शिवू." संध्याकाळच्या बससाठी ती निघाली तेव्हा ते पायरीपर्यंत आले. दोन्ही मोसंब्या त्यांनी तिच्या पिशवीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला बासितचा फोन आला. काका मशीनवरच कलंडले, तोंडातून रक्त आलं, जीपमध्ये घालून आणतोय. लुबना शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली. जीप यायला सव्वा तास लागला. ऊन नव्हतं, ढग होते, तरी अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या. जीप आली तेव्हा अम्मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांची ओढणी पुढून सगळी भिजलेली होती.

आतली डॉक्टर तरुण होती, लुबनापेक्षा लहान. तिनं पोट तपासलं, बरगडीखाली हात ठेवला आणि थांबली. मग कागद घेऊन बाहेर आली.

"वजन किती महिन्यांपासून उतरतंय?" तिनं विचारलं.

"वजन?" रईसाबी म्हणाल्या. "नहीं डॉक्टरबाई, वजन कहां. पँट वहीच है. मैं खुद धोती हूं ना, हर हफ्ता. मेरे हाथ कू मालूम है."

डॉक्टरनं लुबनाकडं पाहिलं. लुबना अम्मींच्या बाजूला उभी होती. अम्मींनी तिचं मनगट घट्ट धरलेलं होतं.

"तुम्हाला काही लक्षात आलं होतं?"

लुबनानं मान हलवली. हो की नाही, ते त्या हलण्यावरून कळण्यासारखं नव्हतं. डॉक्टरनं काहीतरी लिहिलं आणि आत गेली.

दुपारी चारला ते गेले. डॉक्टरनं नंतर लुबनाला एकटीला बोलावून सांगितलं की यकृतात गाठ होती, बरेच महिने असणार, आज काही केलं असतं तरी फरक पडला नसता. आजचं ती बोलली. जानेवारीचं ती बोलली नाही आणि लुबनानं विचारलं नाही.

नर्सनं कपड्यांची पिशवी दिली. वर पँट होती. बटन पाचव्या जागी. अम्मी बाकावर बसून हात पुढं करत होत्या, उनके कपडे दे, म्हणून. लुबना नळाच्या दिशेनं वळली, भिंतीकडं तोंड केलं आणि बटनाची टोपी उलटी फिरवू लागली. बोटं ओली होती, टोपी निसटत होती. ती दातात धरून तिनं खिळी ओढून काढली आणि बटन मूळच्या जागी लावलं, जिथं ते सहा वर्षं होतं. मग पिशवी अम्मींच्या हातात दिली. अम्मींनी पँट चाचपली, पट्ट्यावरून हात फिरवला आणि ती छातीशी धरली.

गावात कुणाचंही मरण झालं की कफनाचं कापड मोहियोद्दीन फाडून देत. त्याचं कधी काही घेत नसत. त्या संध्याकाळी बासित पांढऱ्या कापडाचं ठाण घेऊन दुकानात उभा राहिला आणि कुठून किती फाडायचं ते त्याला कळेना. लुबनानं दुकान उघडलं. उंचीपेक्षा डोक्याकडं आणि पायाकडं हातभर जास्त, ते तिला माहीत होतं. तिनं दातानं काठ तोडला आणि कापड सरळ फाडत नेलं. कफनाला शिवण नसते, काज नसतं, बटन नसतं. कंबर तर कुणी विचारतच नाही.

मग बायका बसायला येऊ लागल्या. रईसाबी प्रत्येकीला तेच सांगायच्या. काही आजार नव्हता. भरल्या अंगानं गेले. आदल्या दिवशी स्वतःच्या पँटीचं माप दिलं, लुबनानं घेतलं, कंबर चौतीस, वहीत लिहून ठेवलंय. अल्लानं उभ्या उभ्या नेलं, अंथरुणाला खिळवलं नाही. बायका म्हणायच्या, नशीबवान. लुबना पाणी आणून द्यायची, कप गोळा करायची आणि आत जाऊन धुवायची. दरवेळी चौतीस हा आकडा तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. आता बघायचं काय राहिलंय, असं रईसाबी म्हणाल्या. लुबनानं एकदाच आग्रह केला. मेरे हाथ हैं ना, त्या म्हणाल्या. हातांना सगळं कळतं.

लुबनानं ग्रंथालयातून रजा घेतली होती. दुकानात छत्तीस गणवेश राहिले होते आणि शाळा सुरू झालेली. ती रोज सकाळी शटर वर करायची आणि संध्याकाळपर्यंत उसवायची. पायाखाली अब्बांच्या मशीनचं पायडल जड लागायचं, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. एका बाईनं पँट परत आणली, शिवण वाकडी आली म्हणून. मास्तरांचा हात वेगळाच होता, असं ती चांगल्या मनानं म्हणाली. लुबनानं ती पँट तिच्यासमोर परत उसवली. नंतर शिवण मारणं तिनं सोडलं आणि उरलेल्या सगळ्या पँटींना कार्डावरची बटनं लावून दिली. पोरांच्या आयांना सांगायची, वाढला की बाहेर सरकवा. कार्डं संपली.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी रईसाबींनी फळकुटाखालचं सुतळी बांधलेलं कापड मागितलं. चाळिसाव्याला गेलेल्याच्या नावानं कुणाला तरी कपडा द्यायचा, आणि कापलेलं कापड तसंच ठेवणं त्यांना बरं वाटत नव्हतं. कडूबाला द्यायचं ठरलं. लुबनानं दोन दिवसांचं काम एका दिवसात बसून केलं. तुकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. खडूच्या रेघा अजून तशाच होत्या, फक्त एका ठिकाणी रेघ थरथरली होती आणि त्यांनी ती पुसून पुन्हा मारली होती.

चाळिसाव्याच्या दुपारी कडूबा आला. बाकावर बसला नाही, उभाच राहिला. पडद्याआड जाऊन पँट घालून बाहेर आला आणि दोन्ही हात पट्ट्यावर ठेवले.

"बसली," तो म्हणाला. "काही करायची गरज नाय."

रईसाबीही दुकानात येऊन खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर दवाखान्यातून आलेली ती जुनी पँट. ती त्यांनी धुतली नव्हती. आज पहिल्यांदाच पेटीतून काढली होती. त्यांचा चेहरा उजळला.

"देखे?" त्या म्हणाल्या. "तुमचं आणि त्यांचं माप एकच होतं, कडूबाभाऊ. लोक म्हणत होते, वाळले, वाळले."

कडूबा नव्या पँटीची घडी सरळ करत राहिला.

रईसाबींचा हात जुन्या पँटीच्या पट्ट्यावरून फिरत होता, बटनापासून आत, सवयीनं. धुतलेल्या कापडाचे धागे पुन्हा मिटतात. हे धुतलं नव्हतं. हात थांबला. अंगठा मागं आला, परत पुढं गेला. खिळीच्या एका भोकाच्या कडेला गंज धरून खरखरीत झालं होतं, तिथं तो अडला. मग त्यांनी पट्टा दोन्ही हातांत ताणला आणि नखानं एकेक जागा शोधत गेल्या. एक. बोटभर आत दुसरी. तिसरी. चौथी कशीबशी मिटलेली. पाचवी उघडी, आरपार.

"लुबना," त्या म्हणाल्या, "ये क्या है? चूहे ने काटा क्या?"

दुकानात उंदीर होते. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. कडूबानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली, म्हणजे तो मधे बोलणार नव्हता, हेही तिला कळलं. अम्मींचा चेहरा वर झालेला होता, ढगाळ डोळे तिच्या आवाजाच्या दिशेनं लावलेले. त्या उत्तराची वाट पाहत होत्या, आणि उंदीर म्हटलं तर मानायला तयार होत्या.

लुबनानं गळ्यातला टेप काढला. टोक एका चिमटीत धरलं, दुसऱ्या चिमटीनं खूण शोधली आणि दोन्ही जुळवून गोल केला. खुर्चीपुढं गुडघ्यावर बसून तिनं ते कडं अम्मींच्या दोन्ही हातांत ठेवलं. रईसाबींची बोटं त्याच्या आतून फिरली. एकदा पूर्ण फिरली. मग दुसऱ्यांदा, हळू.

"ये किसका?"

लुबनानं उत्तर देण्याआधी वही उघडली, 'खुद' लिहिलेलं पान समोर घेतलं, आणि अब्बांनी शिकवलं होतं तसं, लिहिणाऱ्याला पडद्यापलीकडून ऐकू जाईल अशा आवाजात माप सांगितलं.

"कंबर एकोणतीस. चौतीस मी सांगितलं होतं, अम्मी. जानेवारीपासून मला माहीत होतं."